डब्यातली रसद

सांगली जिल्ह्यातील एका भगिनींचे पत्र गेल्या पंधरवड्यात माझ्या हाती आले. त्यांचे चिरंजीव संशोधनाच्या निमित्ताने दक्षिण कोरियात, सोल येथे, राहतात. वसतिगृहात आठवड्यातील चार-पाच रात्री ते पाकिटातल्या नूडल्सवर भागवतात आणि सुटीच्या दिवशी मित्रमंडळींसमवेत डबाबंद मांस, सॉसेज, किमची नावाचे कोबीचे लोणचे व त्याच नूडल्स एका पातेल्यात उकळून केलेले तांबडेलाल कालवण आवडीने ओरपतात, हे कळल्यापासून मातेच्या जिवाला घोर लागला आहे. हे लोक असले चमत्कारिक अन्न खातात तरी कसे, आणि माझ्या मुलाला त्यापासून अपाय किती, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर देणे हे वैद्याचे कर्तव्य खरे. पण पहिल्याचा उलगडा झाल्यावाचून ते मनाला पटणार नाही, म्हणून थोड्या विषयांतराची मुभा वाचकांनी द्यावी.

त्या कालवणाला 'बुदे-जिगे', म्हणजे पलटणीची आमटी, असे नाव आहे, आणि ते हौसेतून जन्मलेले नाही. 1950 साली पेटलेले युद्ध 1953 मध्ये थांबले, तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला होता, मांस सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेले होते, आणि उइजोंगबूसारख्या गावांलगत ज्या अमेरिकन छावण्या होत्या त्यांच्या कोठारांतून उरलेले, टाकलेले किंवा चोरट्या वाटेने बाहेर आलेले डबे हीच काय ती प्राप्ती होती. तेव्हा तेथील बायाबापड्यांनी ते परके, खारट मांस आपल्या किमचीत आणि तिखटात शिजवून लेकरांपुढे ठेवले. नूडल्सची भर त्यात पुढे पडली. त्या डब्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे स्पॅम. मिनेसोटा संस्थानातील ऑस्टिन या गावी 1937 मध्ये तो प्रथम निघाला, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या शिध्याबरोबर पॅसिफिक महासागरभर फिरला, आणि सैन्याची रवानगी झाली तरी तो मागेच राहिला. हवाई बेटांत त्याचा परतलेला काप भाताच्या मुटक्यावर ठेवून समुद्रशेवाळाच्या पट्टीने बांधतात. कोरियात तर चुसॉक या शरद ऋतूतील सणाला स्पॅमचे डबे सुबक पेटीत मांडून नातलगांना भेट देतात.

याला हसण्यापूर्वी आपण वनस्पती तुपाच्या पिवळ्या डब्याचे स्मरण करावे. साजूक तूप न परवडणाऱ्या कित्येक घरांत सणाची कढई त्याच्यावर चढली, आणि रिकाम्या डब्यात तुळस लावून आपण त्याला अंगणात जागा दिली. त्यातील ट्रान्स मेद हृदयाच्या रक्तवाहिन्यांना किती घातक, हे शास्त्राने दाखवून दिल्यानंतरही तेला-तुपातील त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणण्याचा आपला नियम अंमलात येण्यास 2022 साल उजाडावे लागले. नडीच्या वेळी दारात आलेल्या अन्नाला कोणी नावे ठेवू नयेत. नड सरल्यावर ते घरात किती काळ ठाण मांडून बसले, एवढेच वैद्याने पाहावे.

म्हणूनच ज्या पदार्थांची परदेशी नवल म्हणून वर्णने होतात त्यांची मला फारशी धास्ती वाटत नाही. स्कॉटलंडातील स्टोनहेवन गावी चॉकलेटची वडी पिठात बुडवून तळण्याची टूम निघाली, तिची जगभर टवाळी झाली. पण तो पदार्थ खाणारा बहुधा प्रवासी असतो, एकदा खातो आणि मित्रांना सांगतो. रोज खाल्ले जाणारे अन्न कोणालाच चमत्कारिक वाटेनासे होते, आणि माझ्याकडे येणारे रुग्ण त्यानेच आजारी पडलेले असतात.

सामोआ बेटांची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. तेथे डबाबंद गोमांसाला 'पिसुपो' म्हणतात. हा शब्द इंग्रजांच्या 'पी सूप'वरून, म्हणजे वाटाण्याच्या सारावरून, आला. डब्यातून पहिल्यांदा आले ते सार, आणि पुढे डबा म्हणजेच पिसुपो झाला. लग्नात आणि मर्तिकात तो आहेर म्हणून दिला जातो. मिशेल तुफेरी या कलावंताने 1994 मध्ये अशाच डब्यांचे पत्रे ठोकून एक आखा बैल उभा केला. तो न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि आहारशास्त्राच्या कित्येक व्याख्यानांहून तो मला अधिक बोलका वाटतो. याच बेटांवर टर्की पक्ष्याची शेपटे येऊ लागली. हा भाग चरबीने गच्च भरलेला, अमेरिकेत फारसा न खपणारा, म्हणून बाहेर धाडलेला. मधुमेह व स्थूलता यांनी हैराण झालेल्या सामोआने 2007 मध्ये त्यावर बंदी घातली. परंतु जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळवण्याच्या तहात ती बंदी उठवण्याचे कलम आले आणि 2013 मध्ये माल पुन्हा बंदरात उतरला. जकातीच्या दप्तरात शेपटाची नोंद मांस अशीच होणार. तेथील डॉक्टरांच्या दप्तरात ती कोणत्या सदरात जाते हे मी सांगायला नको.

आता नूडल्सकडे वळू. युद्धोत्तर ओसाकात एक वाडगा गरम नूडल्ससाठी लोक थंडीत रांग लावत, ते पाहून मोमोफुकु आंदो या गृहस्थांनी ही तजवीज केली आणि 1958 मध्ये ती बाजारात आणली. शिजवलेल्या शेवया कढत तेलात सोडल्या की आतले पाणी वाफ होऊन निघून जाते व बारीक छिद्रे उरतात. पुढे त्यांतच उकळते पाणी शिरले की शेवई क्षणात मऊ होते. युक्ती अस्सल आहे यात शंका नाही. मात्र तेल आत राहते, तंतू व प्रथिने जेमतेम असतात, आणि मसाल्याच्या पुडीतून मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 2,000 मिलिग्रॅमहून अधिक सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, घेऊ नये. नूडल्सच्या एका वाडग्यात त्यातला अर्ध्याहून मोठा वाटा सहज संपतो, आणि स्पॅमच्या अवघ्या 56 ग्रॅम कापांत सुमारे 790 मिलिग्रॅम असते. दोन्ही एकाच पातेल्यात पडल्यावर जमाखर्च कसा बसणार, ते वाचकांनीच ताडावे.

कोरियातीलच सुमारे 10,700 प्रौढांच्या माहितीवरून 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून दोन वा अधिक वेळा अशा नूडल्स खाणाऱ्या स्त्रियांत पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातील मेद ही सारी एकत्र बिघडण्याचे प्रमाण 68 टक्के अधिक आढळले. पुरुषांत तसे दिसले नाही. तरीही चिरंजीवांना यावरून मोकळीक मिळाली असे समजू नये. 2019 साली अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी 20 व्यक्तींना दवाखान्यात ठेवून, प्रत्येकी दोन आठवडे कारखान्यात सिद्ध झालेले व दोन आठवडे साधे अन्न दिले. वाढलेल्या ताटांत साखर, मीठ, मेद, तंतू यांचा मेळ राखला होता आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी अधिक खाऊन बसली. ती खातही होती भरभर. मऊ अन्न चावावे लागत नाही आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूकडे पोहोचेपर्यंत वाडगा रिकामा होतो.

तेव्हा बाईंनी मुलाला असे लिहावे. नूडल्स आठवड्यातून एकदा. पुडी अर्धीच घालावी, अंडे व मूठभर पालक किंवा कोबी त्यात शिजवावा, आणि तळाचे पाणी पिऊ नये, कारण बरेचसे मीठ तेथेच उतरलेले असते. पलटणीची आमटी महिन्याकाठी मित्रांबरोबर खुशाल खावी. डबाबंद मांस रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्के वाढतो, हा इशारा रोज खाणाऱ्यांसाठी आहे. डबा मुळातच वर्ज्य आहे असेही नाही. डब्यातले छोले पाण्याखाली धुऊन घेतले की मीठ पुष्कळ उतरते. वेष्टनावर सोडियमचा आकडा असेल त्याला अडीचने गुणले म्हणजे मिठाचे वजन निघते. मात्र तो आकडा पूर्ण पाकिटाचा आहे की अर्ध्याचा, हे बारीक अक्षरांत पाहून घ्यावे, कारण तेथे मी स्वतःही एकदा फसलो आहे. आणि एक छोटा कुकर खोलीवर ठेवावा. मूगडाळ-तांदळाची खिचडी वीस मिनिटांत होते.

रक्तदाब तेथील विद्यापीठाच्या दवाखान्यात मोजून घेऊन दोन्ही आकडे मला कळवावेत. वरचा 140 किंवा खालचा 90 भरला, तर पुन्हा एकदा शांतपणे मोजून घ्यावा आणि पुढच्या पत्राची वाट न पाहता तेथल्याच डॉक्टरांकडे जावे.