लायगेइडी म्हणजे नेमके कोणते ढेकूण?

प्रश्न : कपाशीच्या किडींवरच्या एका जुन्या पुस्तकात करड्या ढेकणाचं कुळ ‘लायगेइडी’ असं दिलं आहे. नव्या टिपणांत त्याच किडीपुढे ‘ऑक्सिकॅरेनिडी’ लिहिलेलं आढळतं. लायगेइडी या नावाचा अर्थ काय आणि ते कोणासाठी वापरायचं?
– कृषी पदविकेचा विद्यार्थी, यवतमाळ

उत्तर : पुस्तक आणि टिपणं, दोन्ही आपापल्या काळाप्रमाणे बरोबर आहेत. मधल्या काळात या कुळाची हद्दच बदलली.

आधी नावाचं पाहू. लिनिअसने १७५८ साली प्राण्यांची नावं ठरवली, तेव्हा अंथरुणातला ढेकूण आणि झाडांवरचे कितीतरी ढेकूण त्याने ‘सायमेक्स’ या एकाच प्रजातीत घातले होते. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९४ मध्ये त्यांतले काही वेगळे काढून ‘लायगिअस’ ही प्रजाती केली. ग्रीक भाषेत ‘लुगाइओस’ म्हणजे काळोखी, अंधारलेला. गंमत अशी की, या प्रजातीतला युरोपातला प्रसिद्ध ढेकूण, लायगिअस इक्वेस्ट्रिस, चांगला लालभडक असतो, अंगावर काळे पट्टे. तेव्हा शब्दाच्या अर्थावरून कीटक ओळखायला जाऊ नका.

ओळखीला उपयोगी पडतो तो शेवटचा ‘-इडी’. आडनावाच्या शेवटी ‘कर’ आला की माणसाचं गाव कळतं, तसं प्राण्याच्या नावाशेवटी ‘-इडी’ आला की ते कुळाचं नाव आहे हे कळतं. तोच शब्द ‘-इनी’ने संपला तर उपकुळ, ‘-ऑइडिया’ने संपला तर कुळांचा मोठा समूह. म्हणून लायगेइडी आणि लायगेऑइडिया एक नव्हेत. इंग्रजी पुस्तकांत ‘लायगेइड’ असं सुटसुटीत रूपही येतं, ते या कुळातल्या कोणत्याही कीटकासाठी असतं. उच्चार ‘लायजीइडी’ असाही ऐकू येतो. ‘लायगस’ मात्र निराळ्याच कुळातली प्रजाती आहे, तिच्याशी गल्लत करू नका.

आता वापर. पूर्वी लायगेइडी हे फार मोठं कुळ मानलं जाई. १९९७ मध्ये अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ थॉमस हेन्री यांनी शरीररचनेच्या आधारे दाखवलं की या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या वंशशाखा एकत्र बसवल्या आहेत. त्यांनी जुन्या कुळाचे अनेक भाग करून त्यांना स्वतंत्र कुळांचा दर्जा दिला. त्यात कपाशीचा करडा ढेकूण ऑक्सिकॅरेनिडीत गेला. उमललेल्या बोंडांत शिरून सरकीचा रस शोषणारा, जिनिंगमध्ये चिरडला की कापसाला डाग पाडणारा हा जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा कीटक तुमच्या जिल्ह्यात सर्वांच्या ओळखीचा आहे. रुई-मांदारावर दिसणारा लाल-काळा स्पायलोस्टेथस मात्र आजही लायगेइडीतच आहे. रुईच्या चिकातलं विष तो अंगात साठवतो आणि आपण खाण्याजोगे नाही, हे त्याचे भडक रंग पक्ष्यांना सांगतात.

कपाशीचा लाल ढेकूण, म्हणजे डिसडर्कस, हा पूर्वीही लायगेइडीत नव्हता. त्याचं कुळ पायऱ्होकोरिडी. तोही सरकीच शोषतो, रंगही स्पायलोस्टेथससारखा लाल-काळा, म्हणून गोंधळ होतो. भिंगाखाली डोकं पाहिलं की प्रश्न मिटतो. लायगेइडीत दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांखेरीज माथ्यावर दोन चिमुकले साधे डोळे असतात. लाल ढेकणाला ते नसतात. माझ्या मते पदविकेच्या प्रात्यक्षिकात ही एक खूण हाताखालून गेलीच पाहिजे, कारण रंगावर विसंबणारा इथे हमखास फसतो.

‘बी-शोषक ढेकूण’ हे वर्णन सोयीचं असलं तरी ते आहाराचं वर्णन आहे, नात्याचं नाही. याचं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण जिओकोरिस. बटबटीत, बाजूला आलेल्या डोळ्यांचा हा छोटा ढेकूण जुन्या पुस्तकांत लायगेइडीतच आहे. आता त्याचं कुळ जिओकोरिडी. तो मुख्यतः शिकारी आहे. पांढरी माशी, मावा, तुडतुडे आणि पतंगांची अंडी तो फस्त करतो. नुसतं ‘लायगेइड दिसले’ एवढ्यावर कोणी फवारणी केली, तर मित्रकीटकच मरायचा.

म्हणून लिहिताना प्रजातीचं नाव आधी द्या आणि पुढे आजचं कुळ. जुन्या पुस्तकातला उतारा घेतलात तर ‘लायगेइडी, जुन्या व्यापक अर्थाने’ असं नोंदवा, म्हणजे तपासणाऱ्यालाही शंका राहणार नाही. शेतकऱ्याशी बोलताना मात्र लाल ढेकूण, करडा ढेकूण हीच नावं वापरा. ती स्पष्ट आहेत आणि त्याला ठाऊक आहेत.