संगणकाची स्मृती आणि आपली खतावणी

वार्षिक हिशेबाच्या दिवसांत संगणक अडखळू लागला की नवे यंत्र घेण्याची सूचना पुढे येते. न्यासाचा पैसा वर्गणीचा आहे. तेव्हा यंत्र कोठे अडते ते आधी पाहिलेले बरे.

समजा, आपल्या बालाघाटच्या न्यासाचे १००० सभासद आहेत. प्रत्येकाच्या नावे खतावणीचे एक सुटे पान, त्यावर १२ महिन्यांची वर्गणी. पाने कपाटात; टेबलावर एका वेळी १०० मावतात. खजिनदारांना महिनावार बेरीज हवी आहे. कारकुनाने आधी सर्वांची एप्रिलची, मग सर्वांची मेची रक्कम घेतली, तर दर महिन्यास सारी पाने पुन्हा काढावी लागतील. एकूण १२,००० वेळा. त्याऐवजी चिठ्ठीवर १२ रकाने आखून एकेका पानावरचे सर्व महिने एकदम उतरविले, तर पाने १००० वेळाच काढावी लागतील. बेरीज तीच येईल.

संगणकात टेबल म्हणजे मुख्य स्मृती आणि कपाट म्हणजे डिस्क. पानांची ने-आण यंत्राने आपोआप करण्याची व्यवस्था १९६२ साली मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात आली. हवे ते पान स्मृतीत नसले म्हणजे ‘पेज फॉल्ट’ होतो. नावात फॉल्ट असला तरी ती चूक नव्हे. पान पहिल्यांदा आणावेच लागते. टाळावयाचे ते पुनःपुन्हा आणणे. टेबलावरचे पान पाहण्यास एक सेकंद धरला, तर फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून ते आणण्यास सुमारे एक लाख सेकंद, म्हणजे २७ तासांहून अधिक!

पान बहुधा ४०९६ बाइटचे असते. त्यात चार बाइटचे १०२४ आकडे मावतात. सी भाषेत कोष्टक ओळीओळीने साठते. १०२४ ओळी व तितकेच रकाने असलेले कोष्टक ओळीने वाचले तर १०२४ पाने आणावी लागतात. रकान्याने वाचले आणि जागा अपुरी पडली, तर १०,४८,५७६ वेळा खेप होऊ शकते. फोर्ट्रान भाषेत साठवण रकान्यांनी होते, म्हणून तेथे उलट चालावे.

चालू कामास ज्या पानांची सतत गरज पडते, त्या संचास पीटर डेनिंग यांनी १९६८ साली ‘वर्किंग सेट’ म्हटले. तो टेबलावर मावला नाही, तर कारकुनाचा सारा दिवस कपाटाच्या येरझाऱ्यांत जातो.

हजार सभासदांची वर्गणी आजच्या यंत्रास किरकोळच. जुन्या वह्यांची शेकडो छायाचित्रे एकदम उघडली की मात्र जागा संपते. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘हार्ड फॉल्ट’चा आकडा दिसतो. तो शून्याजवळ असूनही यंत्र मंद चालत असेल, तर कारण दुसरे आहे. स्मृती वाढवून उपयोग होणार नाही.