पहिल्या सोनोग्राफीआधी १९ दिवस मागे

वैजापूर, सिल्लोडहून संभाजीनगरला सोनोग्राफीसाठी येताना ट्रीटमेंटची जाडजूड फाइल सोबत असतेच. तिच्यातला एक कागद वर काढून ठेवा: भ्रूण गर्भाशयात सोडल्याची, म्हणजे ट्रान्सफरची तारीख असलेला.

आधी दिवस मोजा. पाच दिवसांचा भ्रूण सोडला असेल तर ट्रान्सफरच्या तारखेपासून १९ दिवस मागे जा, तीन दिवसांचा असेल तर १७; आययूआय असेल तर त्या तारखेच्या १४ दिवस मागे. ही तुमची हिशेबाची पाळी. काउंटरवर हीच सांगा. फ्रोझन ट्रान्सफरमध्ये आधीच्या गोळ्या लांबल्या की खरी पाळी त्याहून आठवडाभर आधीची असू शकते. ती सांगितली तर मशीन तिच्यावरून आठवडे काढतं, आणि नीट वाढणारा गर्भ कागदावर मागे पडतो. ट्रान्सफर २० जूनला, सोनोग्राफी ११ जुलैला, तर २१ अधिक १९, ४० दिवस; ५ आठवडे ५ दिवस. एवढ्यात ठोके दिसलेच पाहिजेत असं नाही.

रिपोर्टमध्ये पहिल्यांदा पाहा, पिशवी गर्भाशयातच आहे ना. मग योक सॅक. ती साधारण साडेपाच आठवड्यांना दिसते. मग सीआरएल, म्हणजे गर्भाची लांबी. मिलिमीटरच्या आकड्यात ४२ मिळवले की अंदाजे दिवस येतात: ८ असेल तर ५०. दोन-तीन दिवसांची तफावत मनाला लावून घेऊ नका. ठोके सहाव्या आठवड्यात मिनिटाला शंभर-एकशेदहा, नवव्यापर्यंत एकशेसत्तरच्या आसपास जातात. ठोक्यांवरून मुलगा की मुलगी ते सांगणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. तिला चहा द्या, आकडा देऊ नका.

ठोके नाहीत असं लिहिलंय? आतून केलेल्या सोनोग्राफीत सीआरएल ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवी सरासरी २५ मिमीची होऊनही आत गर्भ नसेल, तेव्हाच गर्भ थांबला असं एका तपासणीत म्हणता येतं. आकडे मुद्दाम कडक ठेवलेत. वाढता गर्भ चुकून काढला जाऊ नये म्हणून. माप या आकड्यांखाली असेल तर डॉक्टर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतील. शक्यतो त्याच सेंटरला जा, आधीचा रिपोर्ट न्या. तोवर प्रोजेस्टेरॉन स्वतःहून बंद करू नका.

पोटात एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, चक्कर किंवा भरपूर रक्तस्राव असेल, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. रात्री-अपरात्री संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो.