घरातील भट्टी बदलताना : योग्य किंमत कशी ठरवावी?

उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत बहुतेक घरांच्या तळघरात एक भट्टी बसविलेली असते. तिला तेथे फर्नेस म्हणतात. ती नैसर्गिक वायू जाळते, त्या उष्णतेने हवा तापविते आणि पंख्याच्या साह्याने ती ऊन हवा पत्र्याच्या नळ्यांतून प्रत्येक खोलीत पोहोचविते. मिनियापोलिससारख्या शहरी जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली १० ते १५ अंश सेल्सियसपर्यंत उतरणे नित्याचेच आहे. शिकागो किंवा टोरांटो येथे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही या यंत्राचे महत्त्व पहिल्याच हिवाळ्यात कळून येते.

भट्टी साधारणतः पंधरा ते वीस वर्षे टिकते. ती बंद पडते तीही बहुधा कडाक्याच्या थंडीत, कारण तिच्यावरील भार त्याच वेळी सर्वांत अधिक असतो. नळांतील पाणी गोठण्याचे भय, घरात लहान मुले, आणि हाती कंत्राटदाराने दिलेले हजारो डॉलरांचे दरपत्रक ! ही किंमत योग्य आहे काय, हा प्रश्न अशा घाईत विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ बाजारभावावरून मिळत नाही. घराला किती उष्णता लागते, हे आधी ठरवावे लागते. त्यानंतरच दरपत्रकातील आकड्यांना अर्थ प्राप्त होतो.

घरातून बाहेर जाणारी उष्णता ही भिंती, छप्पर व खिडक्या यांच्या क्षेत्रफळावर, त्यांच्या उष्णतारोधक गुणावर, फटींतून होणाऱ्या हवेच्या ये-जा वर आणि आतील व बाहेरील तापमानांच्या फरकावर अवलंबून असते. या सर्वांचा हिशेब करण्याची ‘मॅन्युअल जे’ नावाची पद्धती अमेरिकेत रूढ आहे. परंतु जुनी भट्टी अद्याप चालू असेल, तर गृहस्थाला केवळ घड्याळाच्या आधारे हाच आकडा बऱ्याच अंशी काढता येतो.

अमेरिकेत उष्णता बी. टी. यू. या एककात मोजतात. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक बी. टी. यू. समजा, जुन्या भट्टीवरील पट्टीवर दर तासाला १,००,००० बी. टी. यू. वायू जाळण्याची क्षमता लिहिली आहे आणि तिची कार्यक्षमता ८० टक्के आहे. म्हणजे अखंड जळत राहिल्यास ती घराला तासाला ८०,००० बी. टी. यू. देईल. एका थंड रात्री आतील तापमान ७० अंशांवर स्थिर ठेवावे. बाहेर १० अंश फॅरनहाइट असताना ज्योत तासातून किती मिनिटे जळते ते दोन-तीन तास टिपून घ्यावे. मिनिटे ज्योतीची मोजावयाची, पंख्याची नव्हे. पंखा ज्योत विझल्यावरही काही काळ फिरत राहतो. ज्योत सरासरी २७ मिनिटे जळली असेल, तर घराची गरज ८०,००० ला २७ ने गुणून ६० ने भागले असता मिळते : ३६,००० बी. टी. यू. त्या वेळी तापमानांतील फरक ६० अंश होता. गावातील अत्यंत थंड रात्रीसाठी उणे १० अंश धरले, तर फरक ८० अंश होतो आणि गरज त्याच प्रमाणात वाढून ४८,००० होते. (एकाच ज्योतीने जळणाऱ्या साध्या भट्टीलाच हा प्रयोग लागू पडतो, ज्योत लहान-मोठी करणाऱ्या यंत्राला तो उपयोगी नाही.)

या घराला ५० ते ६० हजार बी. टी. यू. उष्णता देणारी भट्टी पुरेशी आहे. तथापि, पुष्कळ कंत्राटदार जुनी पट्टी वाचून तेवढ्याच मोठ्या यंत्राचे दरपत्रक देतात. मोठ्या यंत्राने किंमत फारशी वाढत नाही हे खरे. पण ते थोडा वेळ पेटून लगेच विझते, दूरच्या खोल्या गारच राहतात आणि वारंवार तापण्या-निवण्याने धातूला ताण पडतो. उष्णताव्ययाचा हिशेब कोणत्या पद्धतीने केला, हे विचारल्यावर जो कंत्राटदार उत्तर टाळतो त्याची किंमत स्वस्त असली तरी मी ती योग्य म्हणणार नाही.

आता कार्यक्षमतेकडे वळू. आपल्याकडील पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, आणि वर निघून जाणारा ऊन धूर. त्या धुराबरोबर गेलेली उष्णता वाया जाते. भट्टीतही असेच घडते, फक्त पाण्याच्या जागी हवा असते. अमेरिकेत वायूच्या साध्या घरगुती भट्ट्यांची किमान वार्षिक कार्यक्षमता १९९२ पासून ७८ टक्के व २०१५ पासून ८० टक्के ठरविण्यात आली. त्यापुढे ९० टक्क्यांवर जावयाचे तर एक विशेष युक्ती करावी लागते. नैसर्गिक वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते व एकूण उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्सा त्या वाफेत अप्रकट रूपाने राहतो. धूर आणखी निववून वाफेचे पाणी केले, तरच हा हिस्सा हाती लागतो. त्यासाठी दुसरा उष्णता-विनिमयक बसवावा लागतो. तयार होणारे पाणी किंचित आम्लयुक्त असल्याने ते वाहून नेण्यास वेगळी नळी लागते, आणि निवलेला धूर आपोआप वर चढत नसल्याने तो पंख्याने, प्लॅस्टिकच्या नळीतून बाहेर सोडतात.

यामुळे एक खर्च अनपेक्षितपणे उद्भवतो. जुने धुराडे भट्टी आणि पाणी तापविण्याचे यंत्र या दोहोंसाठी बांधलेले असते. भट्टी त्यातून निघाली की एकट्या पाण्याच्या यंत्राचा अल्प धूर त्या मोठ्या, गार धुराड्यात नीट चढत नाही. विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात परतण्याचा धोका संभवतो. म्हणून धुराड्यात अरुंद धातूचे अस्तर घालावे लागते. कोणत्या दरपत्रकात हे अस्तर धरले आहे आणि कोणत्यात नाही, हे प्रथम पाहावे.

केवळ उदाहरणादाखल तीन दरपत्रके घेऊ. पहिले ४,८०० डॉलरांचे : ८० टक्के कार्यक्षमता, जुने धुराडे तसेच, सरकारी परवाना व तपासणी यांचा उल्लेख नाही. दुसरे ६,९०० चे : ९५ टक्के, नळ्या, अस्तर व परवाना यांसह. तिसरे ९,५०० चे : ९५ टक्के, बारीक नियंत्रणाचे मोठे यंत्र, परंतु अस्तर नाही. पहिल्यात परवान्याचे २०० डॉलर मिळविले, तर दुसऱ्याशी त्याचा फरक १,९०० डॉलर उरतो. घर तापविण्यास वर्षाला ८०० थर्म वायू लागत असेल (एक थर्म म्हणजे एक लक्ष बी. टी. यू.), तर ८० टक्क्यांनी प्रत्यक्ष उष्णता ६४० थर्म मिळते. तीच ९५ टक्क्यांनी मिळविण्यास ६७४ थर्म पुरतात. बचत १२६ थर्म. दर थर्मला दीड डॉलर धरल्यास वर्षाला १८९ डॉलर वाचतात व फरक दहा वर्षांत भरून निघतो. मिनेसोटात हा व्यवहार रास्त होय. परंतु दक्षिणेकडे, अटलांटातील एखाद्या घरात, वर्षाला ३०० थर्मच जळत असतील, तर बचत सुमारे ७१ डॉलर होईल आणि तीच रक्कम फिटण्यास सत्तावीस वर्षे लागतील. तोपर्यंत भट्टीच टिकणार नाही. तिसऱ्या दरपत्रकातील जादा किंमत मुख्यतः सुखसोयीची आहे. ती ज्याला परवडते त्याने द्यावी; परंतु वायूच्या बचतीतून ती फिटेल अशी आशा धरू नये, आणि अस्तराविषयी विचारल्यावाचून सही करू नये.

बदलण्याची गरज आहे की नाही, हाही प्रश्न आहेच. पेटविणारी कांडी, ज्योत ओळखणारी सळई किंवा दाबाचा स्विच एवढेच बिघडले असेल, तर दुरुस्ती अल्प खर्चात होते. उष्णता-विनिमयकाला तडा गेला असे सांगण्यात आले, तर तो तडा प्रत्यक्ष दाखविण्यास सांगावे, आणि त्या भागाची हमी शिल्लक आहे का ते पाहावे. कित्येक कारखाने त्यावर वीस वर्षांची किंवा त्याहूनही अधिक हमी देतात. शंका मिटेपर्यंत मात्र ती भट्टी पेटवू नये. मधल्या एक-दोन दिवसांसाठी १,५०० वॉटचे विजेचे हीटर वापरता येतात; प्रत्येक हीटर भिंतीतील स्वतंत्र जोडणीवर लावावा. असा एक हीटर तासाला सुमारे ५,१०० बी. टी. यू. देतो, म्हणजे एखादी खोली राहण्याजोगी होते. वायूची शेगडी किंवा कोळसा घर तापविण्यासाठी कदापि पेटवू नये. मिळालेल्या या दोन दिवसांत आणखी दोन दरपत्रके मागविता येतात.

नवी भट्टी बसल्यावर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक मापन करून घ्यावे. भट्टीत शिरणारी हवा व तीतून निघणारी हवा यांचे तापमान दोन तापमापकांनी मोजावे. त्यांतील फरक यंत्राच्या पट्टीवर छापलेल्या मर्यादेत असला पाहिजे. तो मर्यादेपलीकडे गेला, तर नळ्यांतून पुरेशी हवा वाहत नाही असे समजावे, आणि ती दुरुस्ती कंत्राटदाराने त्याच किमतीत करून द्यावी, असे करारातच लिहून घ्यावे.