हॉट प्रेस मोल्डिंग: ५० टनाचा जुना प्रेस घ्यावा का?

व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, “सर, वीजमीटरच्या फायबरच्या पेट्या बनवायच्यात. ५० टनाचा जुना प्रेस स्वस्तात मिळतोय, घेऊ का?” टोकन द्यायच्या आधी कागद-पेन घ्या.

समजा पेटी वरून बघितली तर ३० बाय २० सेंमी आहे. क्षेत्रफळ ६०० चौरस सेंमी. एसएमसी शीटला दर चौरस सेंमीला साधारण ५० ते १०० किलो दाब लागतो. आपण ८० धरू. ६०० गुणिले ८० म्हणजे ४८,००० किलो, म्हणजेच ४८ टन. मग ५० टनाचा चालेल की! कागदावर चालेल. पण जुना प्रेस पाटीवर लिहिलेले टन खरंच देतो का? आणि पेटी खोल असली की दाब जास्तच लागतो. मी तरी ७५ टनांच्या खाली जाणार नाही.

आता मालाचं. शीटमध्ये पॉलिस्टर रेझिन, काचेचे धागे आणि कॅल्शियम कार्बोनेटची पावडर असते. डाय साधारण १४० ते १५० अंशांवर तापवायची, शीटचे तुकडे वजन करून आत ठेवायचे आणि प्रेस पटकन बंद करायचा. रेंगाळलात तर डायला टेकलेली बाजू आधीच कडक होते. तीन मिलिमीटर जाडीला दोन-तीन मिनिटं पुरतात.

वजन अंदाजाने करू नका, काटा घ्याच. कमी पडलं तर कोपरा भरत नाही, जास्त झालं तर कडेला फ्लॅश येतो, तो घासायला माणूस लागतो. इंजेक्शन मोल्डिंगवाले खराब पीस दळून परत वापरतात. इथे ते विसरा, हा माल एकदा कडक झाला की पुन्हा वितळत नाही. १.२ किलोच्या १०० पेट्यांत ५ खराब निघाल्या तर ६ किलो शीट गेली. कोटेशन देताना बरेच जण हे धरतच नाहीत आणि मग मार्जिन कुठे गेलं ते शोधत बसतात.

शीटचा रोल फिल्ममध्ये गुंडाळून थंड जागी ठेवा, २५ अंशांच्या आत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उघडा टाकलात तर त्यातलं स्टायरीन उडतं, शीट कोरडी पडते आणि डायमध्ये नीट पसरत नाही.

प्रेस बघायला जाल तेव्हा नुसता वर-खाली करून बघू नका. पूर्ण दाब देऊन दहा मिनिटं धरून ठेवायला सांगा. गेजचा काटा उतरायला लागला तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. भावाचं बोलणं तिथूनच सुरू करा.