दादाच्या हातातलं काम काढून घेऊ नकोस

वसई

चि. बाळ,

परवा तुझा फोन आला तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. दादा शेजारच्या विंगमध्ये चढला आणि दुसऱ्याच्याच कुलपात आपली किल्ली फिरवत राहिला. त्याच आठवड्यात सकाळी आणलेली मेथी विसरून संध्याकाळी पुन्हा जुडी घेऊन आला. तू विचारलंस, "आत्या, हे वयाचं आहे की बाबांना डिमेन्शिया झालाय?" बाळा, या दोन्हींच्या मध्ये एक पायरी असते. डॉक्टर तिला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात. विसरणं वयाच्या मानाने जास्त असतं, पण माणूस आंघोळ, औषधं, पैसे, येणं-जाणं स्वतःचं स्वतः निभावतो. या पायरीवरचे सगळेच खाली घसरत नाहीत. कित्येक जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही तर सुधारतातही. दादा कुठे आहे ते तपासल्यावरच कळेल, म्हणून "वय झालं" म्हणून सोडून देऊ नकोस.

तीस वर्षं मी वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. विसरभोळा म्हणून आणलेल्या पेशंटचं मूळ कधीकधी भलतीकडेच निघतं. दादाचंच बघ. साखरेसाठी तो किती वर्षं मेटफॉर्मिन घेतोय? त्या गोळीने शरीरातलं बी-१२ हळूहळू कमी होऊ शकतं. त्यात माळ घातल्यापासून त्याने मासळी, अंडी सगळं सोडलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी तूट! बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासून घे. त्याच्या गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांसमोर उपडी कर, कारण झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनीही डोकं जड होतं. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नकोस, आणि स्मरणशक्ती वाढवणारी म्हणून विकतात त्या बाटल्यांवर पैसा घालू नकोस. बीपी-शुगरसाठी भाईंदरमधलं टेंभ्याचं भीमसेन जोशी रुग्णालय जवळ आहे, पण या विसरण्यासाठी न्यूरोलॉजिस्टला एकदा दाखवच.

आता कानाचं. टीव्हीचा आवाज तीन मजले ऐकू जातो आणि दादा म्हणतो, "मला नीट ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता." अरे, जे कानात शिरलंच नाही ते लक्षात कसं राहणार? २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने डिमेन्शियाची सुधारता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात बहिरेपणाचा वाटा सगळ्यात मोठ्यांपैकी आहे. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, मंद नजर, हवेतलं प्रदूषण हेही त्यात आहेत. कानाचं मशीन लावायला दादा लाजेल. त्याला माझं नाव सांग.

त्याच यादीत उदासी आणि एकटेपणही आहे. वहिनी गेल्यापासून दादा जेसल पार्कला खाडीवर फिरायला जायचा बंद झाला, हे तूच मला सांगितलंस. ज्यांच्याबरोबर चाळीस वर्षं भाईंदर ते चर्चगेट उभ्याने प्रवास केला, त्यांच्यातलं कोणी उरलं असेल तर घरी बोलाव. मनाने खचलेला म्हातारा माणूस विसराळू दिसतो, आणि त्यावर इलाज असतो. हेही डॉक्टरांना सांग.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. सूनबाईने पासबुक आपल्याकडे घेतलं, भाजी आता ऑनलाइन येते, चहासुद्धा दादाच्या हातात आयता येतो. हे सगळं मायेपोटी, मला कळतं. आईच्या बाबतीत मीच हे केलं होतं. तिने एकदा दूध उतू जाऊ दिलं, आणि मी तिला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. मग भाजी निवडणं काढून घेतलं, मग दळण. ती खिडकीशी बसून पदराचं टोक बोटांनी चाचपत राहायची, जणू त्यात खडे निवडतेय. सहा महिन्यांत ती बोलायची थांबली. तिचं दुखणं मी आणलं असं मी म्हणत नाही, पण तिच्या हाताशी उरलेलं होतं ते मी हिसकावलं, आणि हे मला अजून झोपू देत नाही.

म्हणून मेथी दोनदा आली तर दोनदा खा. यादी लिहून दे, पण बाजारात त्यालाच पाठव. पासबुक त्याच्याकडे दे, बँकेत सोबत जा, स्लिप त्याला भरू दे. चुकला तर मुलांसमोर हसू नका. किल्लीला लाल रिबीन बांध आणि विंगच्या दारावर ठळक अक्षर लावायला सोसायटीला सांग. त्या सारख्या दिसणाऱ्या इमारतींत मीसुद्धा चुकते.

आणि तू? पंचेचाळिशी आली. सकाळी लोकल गाठायची, रात्री नऊला परतायचं, चालणं शून्य. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तुझ्या वयातच सांभाळायचं असतं. दादाबरोबर स्वतःचंही रक्त तपास.

येत्या रविवारी मी सकाळच्या लोकलने भाईंदरला येते. मला उतरवून घ्यायला दादालाच पाठव, एकट्याला. खिशात पत्त्याची चिठ्ठी आणि फोन असू दे. तो येईपर्यंत मी पूर्वेच्या जिन्यापाशी थांबेन, कितीही वेळ लागला तरी.

तुझी,
आत्या