सजावटकाराची तालीम, कापडवाल्याला धडा

पडद्याचे आणि सोफ्याचे कापड विकण्यात आमची तीस वर्षे गेली. थान उलगडून बोटांनी चाचपले की सूत कोणते, हे आम्ही सांगतो. तरीही काही वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या पडद्यांचे काम आमच्या हातून गेले. सजावटकार बाईंनी विचारले, "आगीच्या चाचणीचा कागद आहे का?" आम्ही म्हणालो, "बाई, माल एक नंबर आहे." त्यांनी वही मिटली. त्या वेळी राग आला. पण चूक आमचीच होती.

हा प्रश्न सजावटकार का विचारतात, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात नोंदणीकृत सजावटकाराला दरवर्षी १२ तास नवे शिक्षण घ्यावेच लागते. त्यात निदान एक तास अपंगांच्या सोयींवर असतो. शिकल्याची प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात, कारण मंडळ कधीही तपासणी करू शकते. पदवी झाली, परीक्षा झाली, म्हणून सुटका नाही.

एवढी सक्ती कशासाठी? सजावट म्हणजे नुसती शोभा नव्हे, त्यात माणसांचा जीव गुंतलेला असतो. १९४२ साली बोस्टन शहरातील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागली. छताला लावलेले कापड आणि शोभेची झाडे पेटली आणि ४९२ माणसे मेली. म्हणून या शिक्षणात आरोग्य आणि सुरक्षितता यांना मोठे स्थान आहे.

आता व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. हे वर्ग अनेकदा कापड, गालिचे, रंग बनवणाऱ्या कंपन्याच चालवतात. दुपारच्या जेवणाच्या वेळी कंपनीचा माणूस सजावटकाराच्या कार्यालयात जातो आणि तासभर शिकवतो. सुरक्षिततेच्या मान्यताप्राप्त वर्गात आपल्या मालाची जाहिरात करता येत नाही. पण ज्याने शिकवले, त्याचा विश्वास बसतो. पुढे ऑर्डर कोणाकडे जाईल, हे सांगायला नको.

आपल्या देशात सजावटकारांवर अशी कायद्याची सक्ती नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही त्यांची संस्था मात्र १९७२ पासून आहे. सक्ती नसली तरी जाणते सजावटकार स्वतःहून शिकतात. मग कापडवाल्याने आणि गादी-सोफा कारागिराने मागे का राहावे?

आम्ही तीन गोष्टी शिकलो, त्या बांधवांपुढे ठेवतो. पहिली, कापड आगीला दाद का देत नाही, हे गिरणीला विचारा. गुण धाग्यातच असेल तर तो टिकतो. वरून मसाला चढवला असेल तर काही प्रकारांत धुण्याने निघून जातो. दुसरी, सोफ्याच्या कापडाला घासण्याची चाचणी असते. किती घासण्यांनंतर सूत तुटले, तो आकडा मागून घ्या. घराच्या सोफ्याला चालणारे कापड हॉटेलच्या सोफ्याला पुरेलच असे नाही. तिसरी, चाचणीचा कागद नमुन्यासोबतच ठेवा. मुंबईत घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन कापड तपासून अहवाल देते.

आता आमच्या पेढीवर महिन्यातून एकदा दुकान बंद झाल्यावर मुले आणि कारागीर एकत्र बसतात आणि एका कापडाची माहिती घेतात. खर्च फक्त चहाचा. हातातला हुनर बापजाद्यांकडून मिळतो, पण इल्म दरवर्षी नव्याने कमवावा लागतो.